सुकाणूचे गणित : नॉर्बर्ट वीनर

गणिताशी आपले नाते दहावीच्या निकालाबरोबर संपले, अशी कला शाखेत येणाऱ्या आपणा बहुतेकांची सुखद समजूत असते. कारखाना, रसायन आणि यंत्र विज्ञानवाल्यांचे. भाषा, इतिहास आणि तत्त्वज्ञान आपले, अशी वाटणी आपण मनोमन करून टाकलेली असते. ही वाटणी न जुमानणाऱ्या एका माणसाचे चरित्र मी प्रस्तुत लेखात सांगणार आहे. त्याने डॉक्टरेट मिळवली ती तत्त्वज्ञान विषयात. आणि आज त्याचे नाव घेतले जाते ते रासायनिक प्रक्रियांच्या नियंत्रणशास्त्रात. नॉर्बर्ट वीनर हे त्याचे नाव.

हे परदेशी चरित्र आपल्या अंकात कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्या रस्त्यांवरच आहे. डहाणू-तलासरीच्या गावांतून माणसे दक्षिणेस तारापूर-बोईसरच्या आणि उत्तरेस राज्याची सीमा ओलांडून उंबरगाव-वापीच्या कारखान्यांत कामाला जातात. आपल्यापैकी अनेकांचे भाऊ, काका, शेजारी त्यांत असतात. रिॲक्टर, व्हॉल्व्ह, प्रेशर हे शब्द आपल्या घरांतून मीठ-मिरचीइतके सहज बोलले जातात. तापमापकाच्या त्या काट्यामागचे गणित कोणाच्या डोक्यातून आले आणि त्याच माणसाला पुढे त्या गणिताच्या परिणामांची चिंता का लागून राहिली, हे आपण जाणून घ्यावे असे मला वाटते.

वीनर यांचा जन्म २६ नोव्हेंबर १८९४ रोजी अमेरिकेतील मिसुरी राज्यात, कोलंबिया या गावी झाला. वडील लिओ वीनर हे पूर्व युरोपातून आलेले ज्यू गृहस्थ. पुढे ते हार्वर्ड विद्यापीठात स्लाव भाषांचे प्राध्यापक झाले आणि टॉलस्टॉयचे साहित्य त्यांनी चोवीस खंडांत इंग्रजीत आणले. अशा विद्वान पित्याने आपल्या मुलाला घरीच शिकवायला घेतले. नॉर्बर्ट आठ वर्षांचा असताना त्याची दृष्टी इतकी अधू झाली की डॉक्टरांनी सहा महिने वाचन पूर्ण बंद करायला सांगितले. वडिलांनी शिकवणे थांबवले नाही. ते तोंडी चालू राहिले. कागदाचा आधार न घेता मनातल्या मनात गणित मांडण्याची सवय मुलाला त्या सक्तीतून लागली आणि ती जन्मभर टिकली.

अकराव्या वर्षी शालान्त परीक्षा, चौदाव्या वर्षी गणितातील पदवी आणि १९१३ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, हार्वर्डची पीएच.डी. असा त्याचा प्रवास झाला. वर्तमानपत्रांनी या बालबुद्धिवंताचे कौतुक केले. वडिलांनी मात्र जगाला जाहीरपणे सांगितले की, मुलगा काही असामान्य नाही, हे सारे शिकवण्याच्या पद्धतीचे फळ आहे. ते वाचून मुलाच्या मनाला काय वाटले असेल! यश मिळाले तर ते वडिलांचे आणि अपयश आले तर तेवढे आपले, असा त्याने त्याचा अर्थ लावला. घरच्या शिकवणीत पहिली चूक होईपर्यंत वडील शांत असत; चूक झाली की वादळ उठे. मुलगा घाबरून आणखी चुके. दुरुस्ती गरजेपेक्षा जोरात केली की मूळ दोष कमी न होता वाढतो, हे पुढे वीनर यांनी यंत्रांच्या बाबतीत गणिताने मांडले. त्याचा पहिला धडा त्यांना घरच्या टेबलावर मिळाला होता, असे म्हणावेसे वाटते.

डॉक्टरेटनंतर ते केंब्रिजला बर्ट्रांड रसेल यांच्याकडे आणि गटिंगेनला हिल्बर्ट यांच्याकडे शिकले. पण मायदेशी परतल्यावर स्थिर नोकरी मिळेना. त्यांनी विश्वकोशासाठी लेख लिहिले, पहिल्या महायुद्धात तोफांच्या माऱ्याची कोष्टके तयार केली आणि काही काळ बॉस्टनच्या एका दैनिकात बातमीदारीही केली. बातमीदार असताना लॉरेन्स या कापडगिरण्यांच्या गावात जाऊन परदेशांतून आलेल्या गिरणी कामगारांची स्थिती त्यांनी जवळून पाहिली. अखेर १९१९ साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एम.आय.टी., या संस्थेत गणिताचे अध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली आणि १९६० मध्ये निवृत्त होईपर्यंत ते तेथेच राहिले. १९२६ साली मार्गारेट एंगेमन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना दोन मुली झाल्या.

एम.आय.टी.ची इमारत चार्ल्स नदीच्या काठी आहे. तरुण वीनर त्या नदीच्या लाटांकडे पाहत उभे राहत. क्षणोक्षणी बदलणारा, एकदाही जसाच्या तसा न परतणारा हा पृष्ठभाग कोणत्या गणिताने पकडायचा, हा प्रश्न त्यांना पडे. डहाणूच्या किनाऱ्यावर बसून आपणही लाटा पाहतो. पण हा प्रश्न आपल्याला पडत नाही. त्याच सुमारास पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांच्या अखंड, वेड्यावाकड्या हालचालीकडे ते वळले. या हालचालीला ब्राउनी गती म्हणतात. कण पुढच्या क्षणी कोठे जाईल हे सांगता येत नाही. पण अशा सर्व संभाव्य वाटांचा मिळून काटेकोर हिशेब मांडता येतो, हे वीनर यांनी १९२३ पर्यंत सिद्ध केले. अनिश्चिततेलाही शिस्त असते, ही त्यांच्या साऱ्या पुढच्या कामाची पायाभरणी होय.

दुसरे महायुद्ध आले आणि या अमूर्त गणिताला अकस्मात काम मिळाले. शत्रूचे विमान वेगाने जात असते. तोफगोळा तेथे पोहोचेपर्यंत विमान पुढे सरकलेले असते. म्हणून तोफ विमानावर न रोखता, ते थोड्या वेळाने जेथे असेल त्या जागी रोखावी लागते. वीनर आणि त्यांचे तरुण सहकारी ज्युलियन बिगेलो यांनी हे अनुमान करणारे यंत्र रचण्याचा प्रयत्न केला. त्यासाठी लिहिलेला १९४२ चा गुप्त अहवाल इतका अवघड होता की त्याच्या पिवळ्या वेष्टनावरून इंजिनिअरांनी त्याला पिवळे संकट असे थट्टेचे नाव दिले. यंत्र रणांगणावर गेले नाही. पण गोंगाटात दडलेला खरा संकेत वेगळा काढून पुढचा अंदाज बांधण्याचे त्यातील गणित सर्वत्र गेले.

या कामात त्यांना एक गोष्ट प्रकर्षाने जाणवली. आपल्या कृतीचा परिणाम पाहून पुढची कृती सुधारायची, याला इंजिनिअर फीडबॅक म्हणतात. झाईचा किंवा डहाणूचा तांडेल होडी हाकतो तेव्हा तो हेच करतो. नाळ डावीकडे वळली की तो सुकाणू थोडे उजवीकडे देतो. पुन्हा पाहतो, पुन्हा देतो. नवशिका माणूस मात्र घाबरून जास्त वळवतो, होडी दुसऱ्या बाजूला झुकते, तो पुन्हा जास्त वळवतो आणि होडी नागमोडी जाऊ लागते. यंत्रांतही असेच घडते. मग माणसाच्या शरीरातही असा विकार असला पाहिजे, असे वीनर आणि बिगेलो यांना वाटले. त्यांनी आपले मित्र, मेक्सिकोचे शरीरशास्त्रज्ञ आर्तुरो रोझेनब्लूएत, यांना विचारले. त्यांनी लगेच सांगितले की, मेंदूच्या मागच्या भागाला इजा झालेला रोगी वस्तू उचलायला गेला की त्याचा हात पुढे-मागे असाच झोके घेतो. यंत्र आणि प्राणी यांना जोडणारा दुवा हाती लागला. १९४८ साली वीनर यांनी या नव्या शास्त्राचा ग्रंथ लिहिला आणि त्याला सायबरनेटिक्स हे नाव दिले. ग्रीक भाषेतील सुकाणूधारी या अर्थाच्या शब्दावरून ते घेतले आहे. आपल्या भाषेत त्याला तांडेलशास्त्र म्हटले तरी चालेल.

आता या लेखाच्या मुख्य विषयाकडे वळतो. तांडेलाचे उदाहरण सोपे आहे, कारण सुकाणू दुप्पट वळवले की होडीही साधारण दुप्पट वळते. एक किलो साखरेला जेवढे पैसे, त्याच्या दुप्पट दोन किलोला. अशा संबंधाचा आलेख काढला तर सरळ रेषा येते. म्हणून त्याला रेषीय संबंध म्हणतात. पण जगातल्या बहुतेक गोष्टी अशा सरळमार्गी नसतात. आपल्या डहाणूत रबरी फुगे तयार होतात. फुगा फुगवताना सुरुवातीला गाल दुखेपर्यंत जोर लावावा लागतो. मग एका क्षणी तो अचानक मऊ पडतो आणि सहज फुगत जातो. नंतर पुन्हा ताठ होतो आणि शेवटी फुटतो. एकच फुंकर सुरुवातीला काहीच करीत नाही, मध्ये पुष्कळ करते आणि शेवटी घात करते. याला अरेषीय किंवा नॉनलिनियर वर्तन म्हणतात.

रासायनिक कारखाना हा अशा फुग्यांनीच भरलेला असतो. उष्णता बाहेर टाकणारी एखादी अभिक्रिया घ्या. तापमान वाढले की अभिक्रियेचा वेग वाढतो. वेग वाढला की उष्णता आणखी निर्माण होते. थंड पाणी फिरवून ती काढून घेता येते, पण पाण्याची उष्णता वाहून नेण्याची शक्ती पायरीपायरीने वाढते, तर अभिक्रियेची उष्णता झेपा घेत वाढते. काही अंशांपर्यंत दोघांची बरोबरी राहते. त्यापुढे पाणी हरते आणि रिॲक्टर हाताबाहेर जातो. दुसरे उदाहरण सांडपाण्याच्या आम्लतेचे. ती पीएच या मापाने मोजतात. पीएच एका अंकाने उतरला की आम्लता दहापट झाली असे समजावे. आम्लयुक्त पाण्यात चुन्याची निवळी घालत गेलो तर बराच वेळ काटा जागचा फारसा हलत नाही. उदासीन बिंदूजवळ आल्यावर मात्र थोडीशी निवळी त्याला एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला फेकते. काटा हलत नाही म्हणून हात सैल सोडणारा आणि हलल्यावर दचकून उलट वळवणारा नवशिका येथे हमखास फसतो. अशा प्रक्रियेवर ताबा ठेवायचा तर तिच्या स्वभावाचे गणिती चित्र, म्हणजे मॉडेल, आधी हवे. आणि ते चित्रही वाकडे असले पाहिजे, कारण प्रक्रियाच वाकडी आहे.

ते चित्र काढायचे कसे? येथे वीनर यांची प्रतिभा दिसते. १९४२ सालीच त्यांनी अरेषीय उपकरणावर गोंगाटाचा काय परिणाम होतो यावर एक छोटा अहवाल लिहिला होता. पुढे तोच धागा धरून त्यांनी एक विलक्षण रीत सुचवली. बाजारात मडके घेताना आपण ते बोटाने वाजवून पाहतो. आवाजावरून ते पक्के की तडकलेले हे कळते. सरळमार्गी यंत्राची परीक्षा अशी एका टिचकीत होते. पण अरेषीय यंत्र हलक्या टिचकीला एक उत्तर देते आणि जोरदार टिचकीला भलतेच. दोन टिचक्या लागोपाठ मारल्या तर तिसरेच उत्तर येते. मग त्याला सर्व जोराच्या, सर्व क्रमांच्या टिचक्या मारून पाहायला हव्यात. आणि असे सर्व प्रकार एकत्र कोठे सापडतात? संपूर्ण बेशिस्त गोंगाटात! तरुणपणी अभ्यासलेली ब्राउनी गती त्यांच्या मदतीला धावली. बंद पेटीत असा गोंगाट सोडा, बाहेर काय येते ते नोंदवा आणि दोहोंची तुलना करून पेटीचे चित्र टप्प्याटप्प्याने बांधत जा. पेटी उघडण्याची गरज नाही. १९५८ साली या विषयावरील त्यांची व्याख्याने ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली.

या कामाचा भारताशी जवळचा संबंध आहे. १९५५-५६ मध्ये वीनर कलकत्त्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे महालनोबिस यांच्या संस्थेत, पाहुणे प्राध्यापक म्हणून राहिले होते. आणि मुंबईत जन्मलेले, मुंबईच्याच इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये गणित शिकवणारे पेसी मसानी हे त्यांचे निकटचे सहकारी झाले. अनेक बदलत्या राशींचा एकत्रित पूर्वअंदाज बांधण्याचे या दोघांचे संशोधन १९५७ आणि १९५८ साली दोन भागांत प्रसिद्ध झाले आणि १९५९ साली खास अरेषीय अंदाजावरचा त्यांचा निबंध आला. पुढे १९९० साली मसानी यांनी आपल्या या थोर मित्राचे चरित्रही लिहिले. जगाच्या विद्यापीठांत वीनर यांच्या नावाशेजारी एका मुंबईकराचे नाव आदराने घेतले जाते, ही आपल्याला अभिमान वाटावी अशी गोष्ट आहे.

वीनर यांनी स्वतः कधी रासायनिक कारखाना चालवला नाही. पण १९५९ साली टेक्सासमधील पोर्ट आर्थर येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात संगणकाने एका प्रक्रियेचा ताबा घेतला आणि नवे युग सुरू झाले. १९७० नंतर अमेरिकेत व फ्रान्समध्ये इंजिनिअरांनी मॉडेलच्या साहाय्याने प्रक्रियेचा पुढचा प्रवास आधीच आखून, त्यातली पहिली पायरी टाकून, मग पुन्हा नवा अंदाज बांधणारी पद्धत रूढ केली. प्रारंभी ही मॉडेले सरळ रेषेचीच होती. वाकडी मॉडेले मागाहून आली. त्यांतील एक प्रकार असा आहे की, प्रक्रियेला किती वेळ लागतो ते एका कप्प्यात मांडायचे आणि तिचा वाकडेपणा त्यापुढच्या दुसऱ्या कप्प्यात. या प्रकाराला वीनर मॉडेल म्हणतात आणि आम्लता ताब्यात ठेवण्याच्या प्रश्नात त्याचा वापर होतो.

आता आपल्या गावचे एक उदाहरण पाहू. डहाणूचे औष्णिक वीज केंद्र १९९५ मध्ये सुरू झाले. प्रत्येकी २५० मेगावॉटचे दोन संच, आणि दूरवरून दिसणारी सुमारे पावणेतीनशे मीटर उंचीची चिमणी. कोळशात गंधक असते; ते जळले की सल्फर डायऑक्साइड वायू होतो, आणि आपला तालुका चिकूच्या वाड्यांचा. २० जून १९९१ रोजी केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला होता. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली तालुक्यासाठी पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमले गेले. या प्राधिकरणाने १९९९ साली धुरातला गंधक-वायू काढून टाकणारे संयंत्र बसवण्याचा आदेश दिला. ते बसायला आणि चालू व्हायला २००७ साल उजाडले. त्यात धूर समुद्राच्या पाण्यातून नेला जातो. समुद्राच्या पाण्यातले नैसर्गिक क्षार तो वायू शोषून घेतात. पाणी त्यामुळे आम्लयुक्त होते. म्हणून त्यात आणखी समुद्राचे पाणी मिसळून, हवा फुंकून, त्याची आम्लता घालवून मगच ते परत सोडायचे असते. म्हणजे वर सांगितलेला पीएचचा तोच लहरी काटा! तो सांभाळला गेला नाही तर वाडीवरचे संकट खाडीवर जाईल, आणि खाडीवर आपल्या मच्छीमार बांधवांचे पोट आहे.

या उदाहरणात मला जे महत्त्वाचे वाटते ते असे. काटा कोठे स्थिर ठेवायचा हे नियंत्रक यंत्राला कोणीतरी सांगावे लागते. धूर धुवायचा की तसाच आकाशात सोडायचा, हे कोणत्याही मॉडेलने ठरवले नाही. ते ठरले अर्ज करणाऱ्या, न्यायालयाच्या पायऱ्या चढणाऱ्या नागरिकांमुळे आणि न्यायबुद्धीने विचार करणाऱ्या माणसांमुळे. यंत्र काटा धरून ठेवील; पण काट्याची जागा ठरवणे हा कायद्याचा, इतिहासाचा आणि नीतीचा प्रश्न आहे. म्हणजे आपल्या वर्गांत शिकवले जाते तेच.

वीनर यांच्या आयुष्याचा उत्तरार्ध याच एका विचाराने व्यापला होता. हिरोशिमानंतर त्यांनी आपल्या संशोधनाचे लष्करी उपयोग नाकारले. क्षेपणास्त्रांवर काम करणाऱ्या एका तंत्रज्ञाने त्यांचा युद्धकाळातील अहवाल मागितला तेव्हा त्यांनी तो देण्यास नकार दिला आणि जानेवारी १९४७ मध्ये ते पत्र एका मासिकात छापूनही टाकले. सरकारी पैशावर चालणाऱ्या संशोधनाच्या त्या काळात हे धैर्याचेच काम होते. १९४९ साली त्यांनी मोटार कामगारांच्या संघटनेचे नेते वॉल्टर रॉयथर यांना आपण होऊन पत्र लिहिले आणि कारखाने लवकरच स्वयंचलित होणार आहेत, संघटनेने आजच जागे व्हावे, असे कळवले. पुढच्याच वर्षी त्यांनी सामान्य वाचकांसाठी एक पुस्तक लिहिले. त्यांचे म्हणणे असे होते की, स्वयंचलित यंत्र हे अर्थशास्त्राच्या दृष्टीने गुलामासारखे आहे. आणि गुलामाच्या श्रमाशी ज्याला स्पर्धा करावी लागते त्याला गुलामाच्याच अटींवर राबावे लागते.

तलासरीच्या मातीत वाढलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. मे १९४५ मध्ये झरी येथे गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली हजारो वारली जमले आणि यापुढे वेठ करायची नाही, लग्नगडी म्हणून राबायचे नाही, असा त्यांनी निर्धार केला. फुकट राबणारे हात ज्याच्याकडे असतात तो इतरांच्या श्रमाला किंमत देत नाही, हे त्या न शिकलेल्या माणसांनी अनुभवाने ओळखले होते. त्यानंतर चारच वर्षांनी सातासमुद्रापलीकडचा एक गणितज्ञ आपल्या समीकरणांतून त्याच निष्कर्षाला पोहोचला. आज त्या वारल्यांची नातवंडे कारखान्यांच्या दारांत उभी आहेत. रिॲक्टरच्या तोंडाशी उभे राहण्याचे जोखमीचे काम यंत्राने घेतले तर ते आपल्याला हवेच आहे. माणसाचा जीव वाचतो. परंतु त्या यंत्रामुळे रिकाम्या झालेल्या माणसाचे पुढे काय, हे ठरवणारे खाते त्या कारखान्यात नसते. वीनर यांची चिंता नेमकी हीच होती. यंत्र थांबवा असे त्यांनी कधी म्हटले नाही. यंत्राने वाचवलेले श्रम कोणाच्या वाट्याला जाणार, हे आधी ठरवा, असा त्यांचा आग्रह होता.

त्यांच्या शेवटच्या पुस्तकात त्यांनी एका जुन्या इंग्रजी गोष्टीचा दाखला दिला आहे. हिंदुस्थानातून परतलेला एक शिपाई एका कुटुंबाला माकडाचा वाळलेला पंजा देतो. त्यात तीन इच्छा पुरवण्याची शक्ती असते. घरातला म्हातारा दोनशे पौंड मागतो. दुसऱ्या दिवशी कारखान्याचा माणूस निरोप घेऊन येतो : मुलगा यंत्रात सापडून मेला, भरपाई दोनशे पौंड. मागितले ते अक्षरशः मिळाले. यंत्राचा स्वभाव हा असाच, असे वीनर यांना सुचवायचे होते. आपण जे मागू ते ते देईल; आपल्या मनात जे होते ते देईलच असे नाही. उत्पादन वाढव एवढेच सांगितले तर ते उत्पादन वाढवील. कामगाराचा जीव, नदीचे पाणी, चिकूचा मोहर या गोष्टी मागणीत घातल्या नसतील तर त्या हिशेबात धरणार नाही. म्हणून मागणाऱ्याने मागण्यापूर्वी पूर्ण विचार केला पाहिजे.

माणूस म्हणून वीनर विक्षिप्त होते. ठेंगणे, गोल शरीराचे, दाढी राखलेले, जाड चष्म्याचे हे प्राध्यापक एम.आय.टी.च्या लांब ओसऱ्यांतून फिरत आणि भेटेल त्याला थांबवून आपला ताजा विचार ऐकवत. त्यांच्या विसरभोळेपणाच्या कथा अजून सांगितल्या जातात. मनाने ते हळवे होते. निराशेचे झटके त्यांना वारंवार येत आणि आपल्या कामाची किंमत कोणी ओळखली नाही, अशी भीती त्यांना सतत वाटे. बालपणी कोवळ्या मनावर ओढलेले आसूड इतक्या सहज विसरले जात नाहीत.

जानेवारी १९६४ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांच्या हस्ते त्यांना राष्ट्रीय विज्ञान पदक मिळाले. त्यानंतर दोनच महिन्यांनी, १८ मार्च १९६४ रोजी, स्वीडनच्या दौऱ्यावर असताना स्टॉकहोमच्या तंत्रविद्यालयाच्या पायऱ्यांवर ते कोसळले आणि तेथेच त्यांचा अंत झाला. त्यांचे शेवटचे पुस्तक त्यांच्या पश्चात गाजले आणि पुढच्या वर्षी त्याला राष्ट्रीय ग्रंथ पुरस्कार मिळाला.

वीनर गेले त्याला साठ वर्षे उलटून गेली. त्यांच्या वेळी खोलीभर पसरणारे संगणक आता तळहातावर मावतात आणि अरेषीय समीकरणे क्षणात सोडवतात. रिॲक्टर उद्या कोणत्या तापमानाला पोहोचेल हे ते सांगू शकतात. तो रिॲक्टर कोणासाठी चालायचा, त्याचा धूर कोणाच्या वाडीवर जायचा आणि त्याच्या कमाईतला वाटा कोणाला मिळायचा, हे सांगण्याचे काम मात्र त्यांच्याकडे सोपवता येणार नाही. ते आपल्याला, म्हणजे इतिहास, अर्थशास्त्र, तत्त्वज्ञान शिकणाऱ्या मुलामुलींना करावे लागेल. त्यासाठी गणितज्ञ होण्याची आवश्यकता नाही. परंतु काटा कशाने हलतो हे समजून घेण्याइतकी जिज्ञासा हवी. ती जिज्ञासा या चरित्राने आपल्यापैकी दोघाचौघांच्या मनात जरी जागी केली, तरी हा लेख लिहिल्याचे सार्थक झाले असे मी मानीन.